सुंदरीची कोंबडी

कमलाक्षीला दोन सवती होत्या. एक गळ्यात होती आणि एक परसात. गळ्यातली चांदीची, मुकी. परसातली काळी कुळकुळीत, दोन पायांची, आणि तोंडानं फाटकी.

गळ्यातलीशी एक वेळ जमवून घेता येत होतं. तुळजाजीची पहिली बायको सुंदरी छप्पन साली देवीच्या साथीत गेली. दीड वर्षानं पापनाशमची कमलाक्षी या घरात दुसरेपणावर आली, आणि लग्नाच्याच दिवशी तिच्या नणंदेनं, चंद्रमतीनं, सुंदरीच्या नावाचा टाक काळ्या पोतीत ओवून तिच्या गळ्यात घातला. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठा घरांची ही चालच होती. दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. फुलं आधी तिला, मग आपल्या केसांत. कमलाक्षी हे सगळं करायची. मनातल्या मनात बोटं मोडत करायची, पण करायची.

ती कोंबडी मात्र तिच्या डोळ्यांत खुपायची.

सुंदरीनं जायच्या आधी महिनाभर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. अकरा पिल्लं निघाली. काही घारीनं नेली, काही मांजरानं, आणि राहता राहिली ही एक. तुळजाजी तिला करुप्पी म्हणायचा, म्हणजे काळी. तो एका खाजगी बसवर कंडक्टर होता. पहाटे पाचच्या गाडीनं कुंभकोणला जायचा, दिवसभर फेऱ्या मारायचा, संध्याकाळी सहाला घरी यायचा आणि खांद्यावरची कातडी पिशवी उतरवायच्या आधी मागल्या दारानं परसात जायचा. तिथं उकिडवा बसून करुप्पीला मूठभर बाजरी टाकायचा आणि तिच्याशी बोलत बसायचा. "काय गं, आज कुणाशी भांडलीस? पाय असा का टाकतेस? खाल्लंस का पोटभर?"

कमलाक्षी चुलीपुढून ऐकायची. दोन वर्षांत एकदाही त्यानं तिला विचारलं नव्हतं, खाल्लंस का म्हणून. आता वाईट वागायचा म्हणाल तर तसंही नाही. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, घरात कशाला कमी पडू दिलं नाही. पण बोलणं सगळं कामापुरतं. पाणी तापलं का. शिट्टी कुठं ठेवलीस. अक्का जेवली का. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, सोन्यासारखा माणूस आहे. ऐकून कमलाक्षीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सोनं पेटीत ठेवायला बरं, तिला बोलणारा नवरा हवा होता. आणि बोलणारा नवरा तर समोर होता, रोज संध्याकाळी, एका कोंबडीपुढं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात करुप्पीच्या तुऱ्यावर दोन पुटकुळ्या आल्या. कमलाक्षीला त्या पहिल्याच सकाळी दिसल्या. दुसऱ्या दिवशी पापण्यांवर आल्या. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा चिकटला. कोंबडीला देवी आल्या होत्या, शंकाच नको. आणि कमलाक्षीनं काय करावं? खोटं कशाला सांगायचं, तिनं काहीच केलं नाही. सकाळी डालं उचललं, तांदळाची कणी टाकली, करुप्पी चाचपडत भलत्याच जागी चोच मारतेय हे उभं राहून पाहिलं आणि ती आत निघून आली. कुंभकोणच्या उत्सवाच्या जादा फेऱ्या लागल्यामुळं तुळजाजी त्या दिवसांत फक्त निजायला घरी येत होता. मर मेले, असं कमलाक्षी तोंडानं म्हणाली नाही. पण चूल फुंकताना तिच्या मनात एकच होतं. ही गेली की संध्याकाळी सहाला तो माणूस दुसरं कुठं जाईल? घरातच येईल ना?

चौथ्या दिवशी तो वेळेवर आला आणि परसात गेला. बोलण्याचा आवाज आला नाही. कमलाक्षी दारात येऊन उभी राहिली. त्यानं करुप्पीला दोन्ही हातांत धरलं होतं. तिचे दोन्ही डोळे मिटलेले, तुरा खपल्यांनी भरलेला, मान लुळी.

"केव्हापासून आहे हे?"

"आजच दिसलं," कमलाक्षी म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. खपली एका दिवसाची की तीन दिवसांची, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. तो उठला. कोंबडीला तसंच काखेत घेऊन घरात गेला, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून एक जुनं सुती लुगडं काढलं. जांभळं, बारीक पिवळ्या काठाचं. कमलाक्षीनं ते कधी पाहिलंही नव्हतं. घरातल्या प्रत्येक चिंधीचा हिशेब तिला ठाऊक, आणि हे लुगडं दोन वर्षं तिच्या अंगाखालच्या पेटीत पडून होतं! त्यानं ते दातांनी फाडलं, एका तुकड्यात करुप्पीला गुंडाळलं. लुगडं फाटताना कमलाक्षीला बरं वाटलं. मग ते कुणासाठी फाडलं हे आठवून तळपायाची आग मस्तकाला गेली.

चंद्रमती धावत आली. नवरा वारल्यापासून ती भावाच्याच घरी राहायची, आणि देवधर्माचं सगळं तिच्या हातात होतं. "तुळजा, हात लावू नकोस. देवी आहे ती. दिवसभर शंभर माणसांच्या अंगाला अंग घासून येतोस तू. बाहेरच्याचा स्पर्श तिला चालत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"अक्का, तू आत जा," तुळजाजी म्हणाला.

बहिणीशी तो या सुरात कधी बोलला नव्हता. चंद्रमती आत गेली, पण जाता जाता कमलाक्षीच्या कानाशी थांबली. "पोंगलचं नवं लुगडं टाकाला लावून मगच नेसलीस ना गं?"

"लावलं होतं, वन्सं."

लावलं नव्हतं. दोन वर्षांत त्या एकाच दिवशी तिनं मुद्दाम लावलं नव्हतं, कारण ते लुगडं तिच्या माहेरचं होतं आणि निदान ते तरी तिला एकटीला हवं होतं. आता तिचा हात टाकावर गेला. सुंदरी रागावली असेल का? रागावली तर रागावली, पण कोंबडीवर का रागवेल, रागवायचं तर माझ्यावर रागवेल की. असा सगळा विचार करता करता तिला भलतीच गोष्ट सुचली. एक बाई मेली ती अशी गळ्यात येऊन बसली, हलायचं नाव नाही. उद्या ही मेली तर हिचाही टाक करून घालतील. मेलेल्यांचं या घरात भलतंच चांगलं चालतं. नको. या कोंबडीनं जगलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजाजी गाडीवर गेला आणि कमलाक्षीनं पदर खोचला. कडुनिंबाचा पाला उकळला. कोमट पाण्यात लुगड्याची चिंधी भिजवून करुप्पीचे डोळे हळूहळू शेकले. पापणी ओढायची नाही, ओलं करत राहायचं, आपसूक सुटेल तेवढीच सोडवायची. मग पाला आणि हळद पाट्यावर वाटून, खोबरेल तेलात कालवून, तुऱ्यावर, गालांवर लेप. दिसत नसल्यानं ती खात नव्हती, म्हणून बाजरीच्या शिजवलेल्या पिठाच्या शेंगदाण्याएवढ्या गोळ्या करून चोच उघडून एकेक आत सोडायची आणि मान वरून खाली चोळायची. हे दिवसातून चार वेळा. करुप्पी पंख झाडायची, नखं मारायची. कमलाक्षीच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे उठले.

"जग मेले," ती दात खाऊन म्हणायची. "जग. तुझ्यासाठी नाही म्हणत. माझ्यासाठी जग."

संध्याकाळच्या लेपाला तुळजाजी असायचा. तो धरायचा, ती लावायची. जागा विहिरीच्या कट्ट्याशी, जेमतेम दोघांपुरती. गुडघ्याला गुडघा लागायचा. नवराबायको दोन वर्षांत असे बसले नव्हते. आणि तरी कमलाक्षीला सुख लागू देईल तर ती कोंबडी कसली! तुळजाजी सगळा वेळ तिच्याशीच बोलायचा. "झालं गं, झालं. थोडंच राहिलं. दुखतं का? एवढा एक घास घे. माझ्यासाठी घे." आवाज असा मऊ, की कमलाक्षीचा हात थांबायचा. तिला वाटायचं, हा लेप हिच्या तोंडाला फासावा आणि उठून जावं. माझ्यासाठी घे म्हणे. मला कुणी म्हटलंय, माझ्यासाठी घे?

अठराव्या दिवशी तुऱ्यावरची शेवटची मोठी खपली गळाली. उजवा डोळा कायमचा गेला होता, पण डावा लख्ख उघडला. करुप्पीनं मान तिरकी केली, त्या एका डोळ्यानं तुळजाजीच्या हाताकडे पाहिलं आणि टकाटक दाणे टिपायला लागली. तुळजाजी हसला. दात दिसेपर्यंत हसला. कमलाक्षीनं त्याला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिचा बांध फुटला.

"पाणी मी उकळलं," ती म्हणाली. "लेप मी वाटला. हे ओरखडे बघा माझे. आणि तुम्ही हसता ते तिच्याकडे बघून. कारण ती सुंदरीची. या घरात सुंदरीचं जे जे आहे त्याला डोळा आहे, तोंड आहे, मान आहे. माझं काय आहे? तिच्यावर एवढा जीव होता तर मला कशाला आणलंत? एक कोंबडी पुरली असती तुम्हाला."

तुळजाजीचं हसू गेलं. त्यानं हातातले दाणे करुप्पीपुढं ओतले.

"जीव," तो म्हणाला. "नऊ दिवस ती मधल्या खोलीत होती. अक्कानं उंबऱ्यावर कडुनिंब लावला आणि मला सांगितलं, तू बाहेरचा, आत यायचं नाही, देवी कोपेल. मी गेलो नाही. रोज उंबऱ्यापर्यंत यायचो आणि परत फिरायचो. आठव्या दिवशी तिला पावलांवरून कळलं, मी आलोय म्हणून. डोळे चिकटले होते, दिसत नव्हतं तिला. म्हणाली, तुमच्या हातानं पाणी द्या. अक्का म्हणाली, थांब, मी देते. ती म्हणाली, नको, त्यांच्या हातानं. मी उभा राहिलो. मग चपला घातल्या, गाडीवर गेलो आणि रात्री कुंभकोणलाच निजलो. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती."

करुप्पी दाणे टिपत होती.

दोन वर्षं ती ज्याच्यावर जळत होती ते प्रेम नव्हतंच म्हणायचं. मग हायसं वाटायला हवं होतं. पण मत्सर मोठा हट्टी. प्रेमाशी तिला झुंजता तरी आलं असतं. चांगलं रांधलं असतं, चांगलं नेसली असती, कधी तरी जिंकलीही असती. याच्याशी कसं झुंजायचं? जिला साधं पाणी दिलं नाही तिला हा माणूस जन्मभर पाणी देत बसणार. आणि मग आणखी एक प्रश्न तिच्या मनात आला, तो तिनं मनात ठेवला नाही.

"मला आल्या तर?" ती म्हणाली. "मला देवी आल्या तर आत याल?"

तुळजाजीनं करुप्पीला उचलून डाल्याखाली ठेवलं, हात धुतले आणि घरात गेला.

त्यानंतरचे दिवस कमलाक्षीनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. भात करपायचा, भांडी आपटायची, करुप्पी पायात आली तर हुसकायची. सुंदरीनं निदान पाणी तरी मागितलं होतं. आपण नुसतं विचारलं तरी त्यानं तोंड फिरवलं, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

बारा-तेरा दिवसांनी दुपारी तिला थंडी वाजून आली. चंद्रमतीनं कपाळाला हात लावला, मानेखालचे लाल ठिपके पाहिले आणि तोंडाला पदर लावला. "म्हटलं नव्हतं मी? कोंबडीची देवी ही. कोंबडीवरून उठली आणि हिच्यावर आली." कोंबडीची देवी माणसाला होत नाही हे त्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं? चंद्रमतीनं मधल्या खोलीत चटई टाकली, कमलाक्षीला निजवलं आणि उंबऱ्यावर कडुनिंबाच्या डहाळ्या आडव्या घातल्या. तीच खोली. तोच उंबरा.

संध्याकाळी पावलं आली.

"तिथंच थांब, तुळजा," चंद्रमती म्हणाली. ती काही दुष्ट बाई नव्हती, तिला खरंच भीती वाटत होती. "एकदा झालं ते पुरे. आई कोपली तर हीसुद्धा जाईल."

कमलाक्षीनं डोळे किलकिले केले. उंबऱ्यापलीकडं त्याची पावलं दिसत होती, धुळीनं भरलेली. तिच्या घशाला कोरड पडली होती. उशाशी पाण्याचा तांब्या होता, पण तिच्यानं उठवत नव्हतं. मागितलं असतं तर चंद्रमतीनं दिलं असतं. तिनं मागितलं नाही. सुंदरीनं दोनदा मागितलं होतं. मी एकदाही मागणार नाही, तिनं ठरवलं. मी मागितलं आणि हा आला, तर तो तिच्या मागण्याला आलेला असेल. यायचं तर न बोलावता ये. नाहीतर जा तुझ्या गाडीवर.

पावलं हलली नाहीत. कितीतरी वेळ तो तिथंच उभा होता. मग ती पावलं वळली आणि मागल्या दाराकडे गेली.

गेला, कमलाक्षी मनात म्हणाली. तिनं भिंतीकडं तोंड केलं. ताप होता, डोळ्यांतून पाणी यायला तेवढं कारण पुरेसं होतं.

विहिरीवरचा रहाट करकरला. एक बादली ओतल्याचा आवाज आला. मग दुसरी. आणि मग ओल्या पावलांचा फतक फतक आवाज ओसरी ओलांडून आला. चंद्रमती "अरे" म्हणाली तोवर बाहेरचा स्पर्श धुऊन तुळजाजी ओल्या धोतरानं कडुनिंबाच्या डहाळ्या ओलांडून आत आला होता. केसांतून पाणी गळत होतं. तो चटईशी बसला आणि मग आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिला.

"एवढंच होतं," तो म्हणाला. "दोन बादल्या पाणी."

दारात चंद्रमतीनं ओल्या उंबऱ्याकडं पाहिलं. अंघोळ करून आत येता येतं, हे सुंदरीच्या वेळी तिलाही सुचलं नव्हतं.

तो कुणाशी बोलला ते कमलाक्षीला कळलं. आपल्याशी नाही. नऊ दिवस या खोलीत पडलेल्या बाईशी तो बोलत होता, आणि आलाही होता तिच्याकडेच. पण मग त्यानं तांब्या उचलला, तिच्या मानेखाली हात घातला आणि पाणी तिच्या ओठांना लावलं. हात थंड होता आणि खरखरीत होता. ती प्यायली. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायली. पाणी पहिलीच्या वाटचं असेल, पण तहान तिची स्वतःची होती.

तो रात्रभर बसला. दुसऱ्या दिवशी गाडीवर गेला नाही. एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा रजा टाकली. डोकं चेपलं, नाचणीची पेज चमच्यानं भरवली. ती एकदा नको म्हणाली तर म्हणाला, "एवढा एक घास घे. माझ्यासाठी घे."

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. ठिपके घामोळ्यांचे निघाले, उन्हाळ्यात निम्म्या गावाला असतात तसले. चंद्रमतीनं उंबऱ्यावरच्या डहाळ्या उचलल्या, आईला हात जोडले आणि म्हणाली, "ऊठ गं, काही झालेलं नाही तुला."

तुळजाजीनं कमलाक्षीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"बरं वाटतं ना आता?" त्यानं विचारलं.

सुंदरीच्या मनात काय असेल ते असो, कमलाक्षीला वाटलं. दोन वर्षं मी जळले. आता तिनं जळावं.

"नाही," ती म्हणाली, "अजून नाही," आणि तिनं डोळे मिटून घेतले.